केरी ते साखळी, एका पितळी निपलवर

(दृश्य : पावसाने चकाकणारा रस्ता. कडेला उभी मोटारसायकल. डाव्या मुठीचा लिव्हर सैल लोंबतोय.)

‘टक्’. एवढाच आवाज झाला. पावसात तोही ऐकू आला नसता, पण लिव्हर एकदम हाताला हलका लागला, गाडीने एक हिसका दिला आणि बंद पडली. चोर्ला घाट उतरून मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या केरी गावात शिरत होतो. समोर म्हशी आल्या म्हणून क्लच दाबला आणि क्लचची वायर तुटली. म्हशी आपल्या संथपणे रस्ता ओलांडून गेल्या.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, चार दिवसांवर आलेली. दुकानांच्या दारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं, सामान टांगलेलं होतं, कवंडळं, आंबाडे, सुपारीचे घोस. ज्या गॅरेजकडे लोकांनी बोट दाखवलं त्याचं शटर खाली होतं, मालक चवथीच्या बाजाराला गेलेला. नवी वायर हवी तर साखळी हे शहर गाठायचं. म्हणजे दहा-पंधरा किलोमीटर, आणि तेही क्लचशिवाय.

(दृश्य : मोबाईलच्या उजेडात लिव्हरचा क्लोज-अप.)

आधी तुटलं काय ते बघू. लिव्हरच्या पोटात एक गोल भोक असतं. त्यात वायरीचं टोक बसतं, साधारण 8 मिलिमीटर जाडीचा धातूचा एक छोटा ड्रम. यालाच सगळे निपल म्हणतात. आमचं निपल जागेवरच होतं, चिंचोक्यासारखं घट्ट अडकून. वायर मात्र त्याच्या अगदी तोंडाशी तुटलेली. तिचं टोक खराट्यासारखं पिंजलेलं. काही तारांची टोकं चकचकीत, ती आत्ता तुटलेली. बाकीची काळपट, गंजलेली. त्या तारा कधीच गेल्या होत्या. गेले पंधरा दिवस क्लच जड लागत होता, गिअर अडकत होता, लिव्हरचा ढिलेपणा रोज थोडा वाढत होता आणि मी रोज ॲडजस्टर, म्हणजे वायर ताणायचा स्क्रू, थोडा फिरवून वेळ मारून नेत होतो. वायरीने नोटीस दिली होती, मी ती वाचली नव्हती.

(दृश्य : पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल येऊन थांबते. चालवणाऱ्याच्या अंगावर रेनकोट, चेहरा दिसत नाही.)

पुढचा मडगार्ड पिवळा, म्हणजे पायलट. गोव्याबाहेरच्या प्रेक्षकांसाठी सांगतो, इथे पायलट विमान उडवत नाही. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर भाड्याने माणूस नेणारा तो पायलट. बस जिथे सोडते तिथून वाड्यावरच्या घरापर्यंत पोचवणारा. अशा माणसाचा डावा हात दिवसाला किती वेळा क्लच दाबत असेल, हिशोब करा.

‘‘कितें जालें?’’

‘‘वायर तुटली, काका.’’

ते उतरले, वाकून बघितलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो कुठे तुटली हा. माझ्या मते इथेच मेकॅनिक आणि बाकीचे आपण यांत फरक पडतो. आपण म्हणतो, ‘वायर गेली.’ वायर गेलेली नसतेच. लिव्हरपासून इंजिनापर्यंतची लांबी शाबूत असते, गेलेला असतो टोकाचा अर्धा इंच. तो वर, लिव्हरपाशी गेला असेल तर रस्त्यावर काम होतं. मध्येच आउटरच्या, म्हणजे बाहेरच्या आवरणाच्या, आत तुटली असेल तर मात्र हात जोडायचे.

(दृश्य : टेबलावर कापून ठेवलेली जुनी केबल. आतली वायर, बाहेरची गुंडाळी.)

ही केबल आपण रोज ओढतो, पण ती चालते कशी ते फारसं कोणी बघत नाही. आत एकमेकींवर पिळलेल्या पोलादी तारा, एखाद्या केबलमध्ये अशा 19 तारा असतात. बाहेर पोलादी पट्टीची स्प्रिंगसारखी गुंडाळी आणि तिच्यावर प्लॅस्टिकचं कातडं. बाहेरचं आवरण म्हणजे नुसतं झाकण, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. तसं नाही. आतली वायर जेवढ्या जोराने ओढली जाते, तेवढ्याच जोराने आउटर दाबला जातो. तो दाब सोसतो, म्हणूनच केबल हँडलखालून वळसे घेत गेली तरी ओढ शेवटपर्यंत पोचते. अर्नेस्ट बाउडन या माणसाने 1896 मध्ये याचं पेटंट घेतलं. तेव्हापासून सायकलचा ब्रेक असो की मोटारसायकलचा क्लच, युक्ती तीच.

आणि तुटते ती नेमकी निपलपाशीच, याला कारण आहे. लिव्हर आत येताना निपलने आपल्या भोकात थोडं फिरायचं असतं. तिथलं ग्रीस वाळलं, लाल माती आणि पावसाचं पाणी शिरलं, की निपल जाम होतं. मग ते फिरत नाही, आणि त्याच्याऐवजी वायर वाकते. दर वेळी, त्याच जागी. तारेचा तुकडा हाताने वीस वेळा इकडेतिकडे वाकवून तोडतो ना आपण, तसंच. महिन्याला तेलाचे दोन थेंब पुरले असते. असो.

(दृश्य : पायलटकाका डिकी उघडतात. पाना, पकड, चिंधी, काळी टेप.)

काकांच्या डिकीत सगळं होतं, फक्त निपल नव्हतं. चेतक आणि लॅम्ब्रेटाच्या जमान्यात स्कूटरवाले जादा वायर डिकीत टाकून फिरायचे. त्या वायरीच्या एकाच टोकाला ओतीव निपल असायचं, दुसरं टोक स्क्रूने आवळायचं, त्यामुळे नुसती आतली वायर बदलता यायची. आताच्या मोटारसायकलींना दोन्ही टोकांना ओतीव निपल. वायर बदलायची तर आउटरसकट सगळी केबलच.

मी म्हटलं, ‘‘काका, टोकाला गाठ मारूया का?’’ ते हसले. पोलादी वायरीची गाठ लहान होत नाही, आणि झाली तरी लिव्हरच्या खाचेतून सुटते. पकडीने वायर धरून एका हाताने ओढत गाडी चालवणारेही असतात. त्यांना मी हात जोडतो.

काका समोरच्या पसऱ्यावर गेले. पसरो म्हणजे आपलं किराणा दुकान.

‘‘बाय, वायर जोडपाचो कनेक्टर आसा?’’

होता. चवथीच्या दिव्यांच्या माळा जोडायला आणलेला. पांढऱ्या प्लॅस्टिकची पट्टी, तीत ओळीने भोकं, आणि प्रत्येक भोकात पितळेची छोटी नळी, नळीवर दोन स्क्रू. बाईंनी सुरीने पट्टीचा एक खण कापून दिला. पैसे घेतले नाहीत, ‘‘चवथीची माळ कमी पडली तर तुमच्यावर’’ एवढं मात्र ऐकवलं.

(दृश्य : हात, पकड, पितळी नळी. शांतता. फक्त पागोळ्यांचा आवाज.)

आता नीट बघा. प्लॅस्टिक सोलून काकांनी पितळी नळी मोकळी केली. लिव्हरवरचा ॲडजस्टर आणि त्याला जागेवर आवळून धरणारी चेक रिंग फिरवून दोन्हींच्या खाचा लिव्हरच्या खाचेसमोर आणल्या. वायर अलगद बाहेर आली. जुनं निपल स्क्रू-ड्रायव्हरने उचकून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं, ‘‘हे दुकानात दाखव, साईज कळेल.’’ मग पिंजलेल्या टोकावर टेप घट्ट गुंडाळली आणि टेपच्या मधोमध पकडीने वायर कापली. टेप नसती तर सगळ्या तारा फुलल्या असत्या, आणि फुललेली वायर नळीत शिरतच नाही.

टोक नळीतून घातलं. दोन्ही स्क्रू आवळले, थोडा हा, थोडा तो, आलटून-पालटून. इथे हात राखावा लागतो. ढिला राहिला तर वायर सटकते, फार आवळला तर स्क्रूची धार तारा चावते. काकांनी नळीबाहेर उरलेलं शेपूट मागे दुमडलं आणि पकडीने दाबलं. थोडी सटकलीच, तर दुमड अडेल.

वायर दीड-दोन सेंटिमीटर आखूड झाली होती. ती लांबी आणायची कुठून? आउटर आखूड करून. लिव्हरचा ॲडजस्टर पूर्ण आत, इंजिनाजवळच्या केबलचे नटही ढिले करून आउटर जमेल तेवढा मागे. आउटर मागे सरकला की आतली वायर तेवढी मोकळी होते. पितळी नळी लिव्हरच्या भोकात तंतोतंत बसली नाही, थोडी तिरकी राहिली. चालतं.

पण एक गोष्ट काकांनी दोनदा तपासली. लिव्हरच्या टोकाला बोटभर ढिलेपणा आहे ना? वायर ताणून बसवली तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो, क्लचच्या आतल्या प्लेटा घसरतात, आणि घाटात जळकट वास यायला लागला की वायरीची बचत प्लेटांच्या खर्चात जाते. मग हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून पाहिलं, वायर कुठे ताणली जात नाही ना. शेवटी इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकला, क्लच दाबला, गाडी ढकलली. गाडी पुढे गेली.

मी विचारलं, पुढच्या ब्रेकची वायर तुटली तर हेच करायचं का? त्यावर काका पहिल्यांदा गंभीर झाले.

‘‘ब्रेकाच्या वायरीक हें केन्नाच करचें न्हय.’’ क्लच सुटला तर गाडी बंद पडते. ब्रेक सुटला तर काय होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

(दृश्य : हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातून रस्ता. पुढे पिवळा मडगार्ड.)

पैसे घ्यायला तयार नव्हते. त्यांना साखळीलाच जायचं होतं म्हणे, ‘‘माझ्या मागे ये.’’ क्लच फक्त निघताना आणि थांबताना वापरायचा, एवढी ताकीद दिली. वरचा गिअर क्लचशिवाय पडतो. पायाने गिअरवर हलका दाब आधीच द्यायचा आणि एक्सलेटर क्षणभर सोडायचा, गिअर आपसूक जागेवर जातो. उतरताना उलटं, एक्सलेटरचा छोटा झटका. जमलं तर लोण्यासारखं, नाही जमलं तर खटकन आवाज येतो आणि पुढचा माणूस मागे वळून बघतो. वाटेतल्या पर्ये गावापर्यंत काका तीनदा वळले.

साखळीत गॅरेजवाल्याने नवी केबल बसवली. निपलच्या भोकात ग्रीस भरलं, आणि मी न मागता लिव्हर चारदा दाबून निपल फिरतंय हे मला दाखवलं. जुनी केबल काढताना त्याने ती पितळी नळी उजेडात धरली.

‘‘हे कोणी केलं?’’

‘‘केरीत. एका पायलटकाकांनी.’’

त्याने नखाने स्क्रू चाचपले. दोन्ही जागचे हलले नव्हते, पण स्क्रूखालच्या दोन तारा तुटून वर आल्या होत्या. ‘‘अजून घाट चढला असतास तर परत ढकलत आला असतास,’’ तो म्हणाला आणि नळी सोडवून माझ्या हातात दिली.

मी बाहेर येऊन बघितलं. पिवळ्या मडगार्डच्या मागच्या सीटवर एक आजी बसत होत्या, मांडीवर माटोळीच्या सामानाची पिशवी. काकांनी क्लच दाबला, गिअर टाकला. मी त्यांच्या डाव्या लिव्हरकडे वाकून बघितलं.

तिथे ओतीव निपल नव्हतं. पितळेची नळी होती, दोन स्क्रूंची.

(दृश्य : पिवळा मडगार्ड वळणावर दिसेनासा होतो. पावसाचा आवाज.)