अटलांटिकात सोडलेला लायनफिश

श्रोतेहो, नमस्कार.

लायनफिश हा मासा मूळचा आपल्याच बाजूचा. लक्षद्वीप-अंदमानच्या प्रवाळांत तो आजही सुखानं राहतो, त्याच्याविरुद्ध कुणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती पार पलीकडे, फ्लोरिडा, बहामाज, कॅरिबियन आणि आता ब्राझीलच्याही किनाऱ्यावर.

तिकडे तो पोहत गेलेला नाही. लाल-पांढरे पट्टे, ऐटीत पसरलेले पर. काचेच्या टाकीत ठेवायला हौशी लोकांनी तो विकत नेला. अटलांटिकात त्याची पहिली नोंद झाली १९८५ साली, फ्लोरिडाजवळ. १९९२च्या अँड्र्यू चक्रीवादळात एक टाकी फुटली, सहा मासे समुद्रात गेले आणि तिथून सगळं सुरू झालं, अशी गोष्ट सांगतात. मोठी रंगतदार गोष्ट. पण नोंद सात वर्षं आधीची असताना खापर वादळावर कसं फोडायचं? टाकीतल्या बाकीच्या माशांचा तो फडशा पाडू लागला, की लोक त्याला गुपचूप समुद्रात सोडून देत असणार, असंच अभ्यासकांनाही वाटतं.

त्याची शिकार बघण्यासारखी असते. दोन्ही बाजूंचे पर पसरून तो लहान माशाला कोपऱ्यात रेटतो, घाई अजिबात नाही. मग तोंडातून त्याच्या दिशेनं पाण्याची हलकी पिचकारी मारतो. प्रवाह आला असं समजून मासा तोंड वळवतो, आणि डोक्याकडून थेट गिळला जातो. अटलांटिकातल्या माशांना या पट्टेवाल्याची ओळखच नाही, त्यामुळे ते पळतही नाहीत. बहामाजमध्ये लहान लहान प्रवाळखडकांवर एकेक लायनफिश सोडून पाहिला. पाच आठवड्यांत तिथल्या देशी माशांच्या नव्या पिलांची भर सरासरी ७९ टक्क्यांनी घटली. एक मादी वर्षाला वीस लाखांच्या आसपास अंडी घालते, हेही लक्षात घ्या.

त्याच्या अंगावर अठरा विषारी काटे असतात. काटा रुतला की त्यावरची कातडी मागे सरकते आणि खाचेतलं विष जखमेत उतरतं. वेदना भयंकर, माणूस सहसा दगावत नाही. उपचार साधा आहे: सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायचा, कारण उष्णतेनं हे विष निकामी होतं, मग डॉक्टर गाठायचा. मांसात मात्र विष नाही. कात्रीनं काटे छाटले की पांढरं, चविष्ट मांस हाती येतं. म्हणूनच तिकडे सरकारी खातीसुद्धा लोकांना सांगतात, हा मासा खा!

पण खायला आधी मिळायला हवा. गळाला तो क्वचितच लागतो. पाणबुड्यांनी खाली जाऊन भाल्यानं एकेक टिपायचा, हाच मुख्य मार्ग. फ्लोरिडात त्यासाठी स्पर्धा भरतात, बक्षिसं लागतात, आणि जिथे नेमानं शिकार होते तिथे संख्या खरोखर घटते. अडचण खोलीची आहे. हौशी पाणबुडे साधारण चाळीस मीटरपर्यंतच उतरतात. लायनफिश तीनशे मीटरवरही सापडलेत. तिथल्यांसाठी आता खास सापळे करून बघताहेत.