थंडीत मोटारसायकल चालू होत नाही तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

हरभरा आणि गहू ओलिताखाली असले की आपल्या विदर्भातल्या शेतकऱ्याला विजेच्या वेळापत्रकाप्रमाणे जागावं लागतं. वीज रात्रीची असेल तर पहाटे चारलाही वावर गाठावं लागतं. दुधाचे कॅन घेऊन डेअरीवर निघणाऱ्यालाही साधारण तीच वेळ. आणि नेमकी तेव्हाच, रात्रभर अंगणात दवात उभी असलेली मोटारसायकल किकवर किक मारली तरी दाद देत नाही.

आपली थंडी हिमालयातली नसली तरी कमी लेखण्यासारखी नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि आठ-दहा अंशांच्या रात्री तर दर हिवाळ्यात येतात. पण श्रोतेहो, एवढ्या थंडीत धडधाकट गाडी चार-सहा किकांत चालू व्हायलाच पाहिजे. होत नसेल, तर गाडीत आधीपासून मुरलेला एखादा दोष थंडीनं उघडा पाडला असं समजा. तो दोष लक्षणांवरून कसा ओळखायचा, ते आज सांगतो.

आधी थंडीनं काय होतं ते थोडक्यात. पेट्रोल पातळ असताना पेटत नाही, त्याची वाफ हवेत मिसळली तरच पेटतं. गार इंजिनात वाफ कमी होते, बरंचसं पेट्रोल थेंबांच्या रूपातच आतल्या भिंतींना चिकटून राहतं. एरवी वजनानं एक भाग चोख पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते. गार इंजिनाला हवेच्या मानानं पेट्रोल जास्त द्यावं लागतं, म्हणजे त्यातलं निदान पुरेसं तरी वाफ होऊन पेटतं. चोकचं काम एवढंच. दुसरं, थंडीनं इंजिन ऑइल घट्ट होतं, खोबरेल तेलाच्या बाटलीचं होतं त्यातलाच प्रकार, आणि इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. तिसरं, त्याच वेळी बॅटरीची ताकद घटते.

आता कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या गाडीपासून सुरुवात करू, कारण गावागावात अजून त्या पुष्कळ आहेत. आधी हँडलवरचा लाल इंजिन-स्टॉप स्विच असेल तर तो बघा, पेट्रोलचा कॉक बघा. पोरं खेळताना हे फिरवून ठेवतात. मग चोक पूर्ण ओढा. त्याची दांडी काही गाड्यांत हँडलच्या डाव्या बाजूला असते, काहींत थेट कार्बोरेटरवर. चावी बंदच ठेवून तीन-चार किका सावकाश मारा, म्हणजे पेट्रोल आत पोचेल आणि घट्ट ऑइलही थोडं सैल होईल. मग चावी लावा, पायाला दाब लागेपर्यंत किक हळू दाबा, वर येऊ द्या आणि एकच पूर्ण किक मारा.

हे करताना रेस अजिबात द्यायची नाही. सगळ्यात जास्त चूक होते ती इथेच. चोक ओढलेला असताना रेस दिली की कार्बोरेटरमधली खेच कमी होते, हवा भरपूर जाते आणि पेट्रोल कमी. चोक ओढून रेस देणं म्हणजे एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेणं. गाडी चालू झाली की अर्धा ते एक मिनिट तशीच राहू द्या, मग चोक अर्धा, मग बंद. तिला उभ्या-उभ्या दहा मिनिटं तापवत बसायची गरज नाही. पहिला एक-दोन किलोमीटर सावकाश चालवा, तेवढं पुरे. चोक ओढलेलाच ठेवून निघालात तर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, ऑइल पातळ करतं आणि ठिणगी पाडणारा प्लग काळा पाडतं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रड.

दहा-बारा किका झाल्या आणि पेट्रोलचा वास यायला लागला, तर थांबा. गाडी ओव्हरफ्लो झाली आहे. आता चोक बंद करा, चावी बंद करा, रेस पूर्ण उघडी धरा आणि आठ-दहा किका मारा. त्यानं आतलं पेट्रोल बाहेर पडतं. पाच मिनिटं जाऊ द्या. मग चावी लावून, चोक न ओढता, रेस अगदी थोडी धरून किक मारा.

तरीही नाही, तर प्लग काढा. प्लगपाना आणि एक सुका फडका गाडीच्या टूलमध्ये असलाच पाहिजे. प्लगभोवतालची माती आधी झटका, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. काढलेला प्लग टॉर्चच्या उजेडात नीट बघा. टोक बिस्किटाच्या रंगाचं, सुकं असेल तर आतलं जळणं व्यवस्थित आहे. पेट्रोलनं ओलं असेल तर पेट्रोल पोचतंय, पण पेटत नाही. चोक ओढून इतक्या किका मारूनही प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचतच नाही, मग दोष कॉक, नळी नाहीतर कार्बोरेटरमध्ये. सुकी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, आणि अशा वेळी एअर फिल्टर उघडून बघावाच. सोयाबीनच्या मळणीची धूळ, कापूस वेचणीच्या दिवसांतले तंतू त्यात महिनोन्‌महिने साचतात. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, थोडं ऑइल लावून पिळून बसवता येतो. तेलकट कागदाचा फिल्टर मात्र धुवायचा नाही आणि हवा मारून साफही करायचा नाही, बदलायचा. आणि प्लगवर चिकट काळं ऑइल दिसलं, तर त्याच्याकडे शेवटी येतो.

प्लग पुसून त्याची फट बघा. बहुतेक १०० ते १२५ सीसी गाड्यांत ती ०.६ ते ०.९ मिलिमीटरच्या दरम्यान असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. फट मोजायचं पातळ पट्ट्यांचं फिलर गेज स्वस्तात मिळतं, नखानं अंदाज करू नका. प्लग झिजला की फट वाढते, आणि मोठी फट ओलांडायला करंटही जास्त दाबाचा लागतो. उन्हाळ्यात असा प्लग कसाबसा निभावतो, थंडीत नाही.

करंट तपासायचा तर प्लग कॅपमध्ये बसवा, त्याचे आटे इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा आणि किक मारा. ठिणगी निळसर, जोरकस दिसली पाहिजे. पिवळी, मिणमिणती असेल तर प्लग, कॅप किंवा वायर कमजोर. इथे काळजी घ्या: प्लगच्या मोकळ्या भोकात फडक्याचा बोळा घाला, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. सांडलेलं पेट्रोल आधी पुसून वाळू द्या. प्लग धातूला न टेकवता किक मारत राहिलात तर सीडीआय, म्हणजे ठिणगीचा करंट सोडणारा डबा, जळू शकतो. कॅपमध्ये दवाचा ओलावा शिरलेला असतो, तोही पुसा. कॅप वायरीवर आट्यांनी बसवलेली असते. ती फिरवून काढा, वायरीचं टोक हिरवट पडलं असेल तर अर्धा सेंटिमीटर कापून कॅप पुन्हा फिरवून बसवा. फुकटातली दुरुस्ती आहे, आणि पुष्कळदा तेवढ्यानंच काम होतं. प्लग परत लावताना आधी हातानंच पूर्ण फिरवा. मग पान्यानं नवा प्लग अर्धा फेरा, जुना असेल तर पाव फेऱ्यापर्यंत. जोर लावून आवळला तर अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात आणि तो खर्च मोठा असतो.

आता एक नेमकं लक्षण. चोक ओढला की गाडी चालते, चोक बंद केला की गाडी बंद. असं रोज होत असेल तर कार्बोरेटरचा पायलट जेट, म्हणजे हळू चालताना पेट्रोल देणारं बारीक छिद्र, चोंदलेलं आहे. महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोल सुकून त्याचा चिकट थर तिथे जमतो. जेट काढून कार्बोरेटर क्लीनरनं आणि हवेच्या दाबानं साफ करायचा. त्यात तार घालू देऊ नका, मिस्त्री कितीही घाईत असला तरी. छिद्र एकदा मोठं झालं की ती गाडी कायम जास्त पेट्रोल पिते.

पेट्रोलबद्दल कळकळीनं सांगतो. पंप दूर असतो म्हणून किराणा दुकानातली बाटली घेतली जाते. त्यात रॉकेल मिसळलेलं असेल तर थंडीत गाडी चालू होणं कठीण, कारण रॉकेलची वाफ गारठ्यात होतच नाही. आणि पेट्रोल चोख असलं तरी, झाकण वारंवार उघडलेल्या बाटलीतून जो हलका भाग आधी उडून जातो, गार इंजिन पेटवायला नेमका तोच लागतो. पंपावर पेट्रोलची शंका आली तर फिल्टर पेपर मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे. त्यावर टाकलेला थेंब डाग न ठेवता उडाला पाहिजे.

शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलसह वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारठ्यानं आतल्या पत्र्यावर दव धरतं, ते पाणी यात भर घालतं. म्हणून हिवाळ्यात टाकी शक्यतो भरलेली ठेवा. शंका असेल तर कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून, कॉक उघडा ठेवून, ५० मिलिलिटर पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत घ्या. तळाशी गोळे किंवा वेगळा थर दिसला तर पाणी आहे. थोडं असेल तर एवढ्यानंच निघून जातं. थर जाड असेल तर टाकी रिकामी करावी लागते.

सेल्फच्या गाडीत सेल्फ दाबल्यावर नुसता टक-टक आवाज येतो, तेव्हा बॅटरी बसलेली असते किंवा तिची टर्मिनल सैल नाहीतर पांढरी पडलेली असतात. टर्मिनलचा थर कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून त्या पाण्यानं पुसा आणि वरून व्हॅसलीन लावा. वायर काढताना आधी काळी काढायची. मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवली पाहिजे. १२.२ च्या खाली असेल तर चार्ज करा, आणि सेल्फ दाबताना ९.६ च्या खाली पडली तर ती थकली आहे. चार्जर तिच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाचा, म्हणजे ४ अँपिअर-अवर बॅटरीला ०.४ अँपिअर. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मध्ये दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या. आणि किक असेल तर थंडीत पहिली सुरुवात किकनंच करा: सेल्फ ओढतो तेव्हा बॅटरीचा दाब पडतो आणि काही गाड्यांत ठिणगीही त्याच बॅटरीवर असते.

१ एप्रिल २०२० ला धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाल्यापासूनच्या बहुतेक गाड्या इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमानं पेट्रोल फवारणाऱ्या आहेत. त्यांना चोक नसतो, गारठा कॉम्प्युटर स्वतः ओळखतो. चावी लावा, टाकीतल्या पंपाची घरघर दोन-तीन सेकंदांत थांबेल, मग रेस न देता सेल्फ दाबा. घरघर मुळीच आली नाही तर फ्यूज आणि बॅटरी बघा. साइड स्टँड खाली असेल तर अनेक गाड्या चालू होत नाहीत, ते आधी बघा. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर या गाडीला धक्का मारण्यात शक्ती घालवू नका; पंपालाच वीज नाही तर पेट्रोल येणार कुठून? दुसऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून वायर जोडा. ट्रॅक्टरची घेतलीत तर ट्रॅक्टरचं इंजिन बंद ठेवूनच. इंजिन चालू झाल्यावरही मीटरमधला इंजिनचा पिवळा दिवा तेवत राहिला तर स्कॅनर असलेल्या ठिकाणीच न्या.

ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. १०डब्ल्यू-३० लिहिलेल्या गाडीत "जाड चांगलं" म्हणून २०डब्ल्यू-५० घातलं की पहाटेची किक जड होते.

आणि इंजिनाखाली शेकोटी, पेटती काडी, गोवऱ्यांचा निखारा, काही म्हणजे काही नेऊ नका. गाडी आणि गोठा दोन्ही जातील. ऊब द्यायचीच तर गरम पाण्यात पिळलेला फडका कार्बोरेटरभोवती दोन-तीन मिनिटं गुंडाळा, हवेच्या तोंडात पाणी जाऊ न देता. रात्री गाडी छपराखाली, कॉक बंद करून ठेवा. प्लास्टिक घट्ट बांधू नका, आत ओल धरते. जुनं पोतं बरं.

राहिला ऑइलनं माखलेला प्लग. त्यासोबत किक हलकी लागत असेल, पायाला दाबच जाणवत नसेल, तर चावी बंद ठेवून प्लगच्या भोकात चहाचा एक चमचा इंजिन ऑइल टाका, फडका लावून दोन-तीन किका मारा, प्लग बसवा आणि पुन्हा किक दाबून बघा. दाब वाढला तर रिंग आणि बोअर झिजले आहेत. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये, बहुधा टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट ठरवणारे स्क्रू, जास्त आवळलेले. हे काम मिस्त्रीचं. पण गाडी चालवत नेऊन लगेच दाखवू नका, कारण तापलेल्या गाडीत पहाटेचा दोष दिसत नाही आणि टॅपेटची फटही गार इंजिनावरच मोजतात. संध्याकाळी त्याच्याकडे सोडा आणि सकाळची पहिली किक त्यालाच मारायला सांगा.