धग: ट्रकच्या इंजिनातली

(दृश्य: पुणे नाका, सोलापूर. मे महिन्यातली दुपार. कांद्याच्या गोण्या भरलेला ट्रक, केबिन पुढं कलवलेली.)

परवा तुळजापूरचा घाट चढताना टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला, असं ड्रायव्हर सांगतो. मिस्त्री लगेच पाना उचलत नाही. आधी ऑइलची पट्टी ओढतो, फडक्यानं पुसतो, परत घालून काढतो आणि उन्हात धरतो. ऑइल काळंभोर आहे. त्याचं काही नाही. डिझेल इंजिनात काजळी मिसळून ते काळं पडतंच. तो बघतोय ते वेगळंच. दुधाच्या चहासारखा रंग दिसला असता, तर पाणी ऑइलमध्ये उतरलं हे नक्की, आणि बहुधा हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालची सीलबंद पट्टी, गेलेली.

"पाणी नाय मालक. वाचलात."

या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरच्या नळकांड्यात पिस्टन, म्हणजे दट्ट्या, वर येताना हवा साधारण सतरा पट दाबतो. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं ना, तसंच. फक्त इथं तापमान 500 अंशांच्या वर जातं. त्या धगीत नोझलनं डिझेलचा फवारा सोडला, की ते आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गला हे चालवून दाखवलं.

फवारा म्हणजे नुसतं शिंपडणं नव्हे. ट्रकच्या टायरमध्ये हवेचा दाब असतो 8 बारच्या आसपास. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, डिझेलचा दाब 1600 बार, कित्येक इंजिनांत त्याहून जास्त. नोझलची भोकं मिठाच्या कणाहून बारीक. इंजिन मिनिटाला 1200 फेरे मारत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे सेकंदाला दहा वेळा हे घडतं. म्हणून तर डिझेलमधला कचरा आणि पाणी अडवणाऱ्या फिल्टरवर पैसे वाचवू नयेत. नोझल खराब झालं की त्याच्या कित्येक पट पैसे जातात.

जळालेला धूर बाहेर पडता पडता टर्बो नावाचा पंखा फिरवतो, तोही मिनिटाला लाखाच्या घरात फेरे. टर्बो हवा कोंबतो. कोंबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड होऊन सिलिंडरमध्ये जाते.

डिझेलच्या ताकदीतला साधारण 40 टक्के भाग चाकांच्या कामी येतो. उरलेली सगळी उष्णता. बरीचशी सायलेन्सरमधून जाते, पण बाकीची बहुतेक पाण्यालाच वाहून न्यावी लागते. वॉटर पंप कूलंट फिरवतो, इंजिन गरम झालं की थर्मोस्टॅटची झडप उघडते आणि रेडिएटर ती उष्णता वाऱ्यावर सोडतो. सोलापुरात मात्र तो वाराच 42 अंशांचा असतो!

दोष तिथंच सापडतो. इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत उसाची वाळकी पात, धूळ, किडे यांचा थर बसलाय. बाहेरून बघून तो कळलाच नसता. मिस्त्री इंजिनाच्या बाजूनं पाणी मारतो. काळपट चिखल पुढून गळायला लागतो.

ट्रक सुरू होतो. घरघर नीट आहे, काटा मधोमध आहे. ड्रायव्हरचा हात चावीकडं जातो.

"थांबा मालक, लगेच बंद नका करू. दोन मिनिटं आयडलला राहू द्या."

टर्बोचा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर फिरत असतो. इंजिन थांबलं की ऑइल पंपही थांबतो, आणि तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल करपतं.

ड्रायव्हर हात मागं घेतो. दोघं केबिनच्या सावलीत उभे राहतात, घड्याळाकडं बघत.