स्प्रिंगला सेंटीमीटर कळत नाहीत

(स्टँडला टांगलेली स्प्रिंग, मागे मोजपट्टी. जवळून.)

ही स्प्रिंग. खाली १०० ग्रॅमचं वजन अडकवलं की ४ सेंटीमीटर ताणते. २०० ग्रॅमला ८. बल दुप्पट, ताण दुप्पट. रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली हेच छापलं.

१०० ग्रॅमला पृथ्वी ०.९८ न्यूटन बलाने ओढते. त्याला ४ सेंटीमीटरने भागलं की या स्प्रिंगचा स्थिरांक, म्हणजे तिचा ताठपणा, मिळतो: २४.५ न्यूटन प्रति मीटर. लांबी सेंटीमीटरमध्येच ठेवली, तर ०.२४५. आकडा शंभरपट घसरला, स्प्रिंग मात्र जागची हललीसुद्धा नाही. एकक आपण निवडतो, म्हणून आकडाही आपलाच. स्प्रिंगची स्वतःची म्हणावी अशी गोष्ट म्हणजे त्या स्थिरांकाची मिती: तो वस्तुमान, लांबी आणि काळ यांतून कसा बनतो ते. आणि नेमकी तीच आपण घोकून, परीक्षेत उतरवून, विसरून जातो.

बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. मितीत मांडलं तर वर वस्तुमान आणि लांबी, खाली काळाचा वर्ग. स्थिरांक काढताना या बलाला आपण लांबीने भागलं. लांबी उडाली. उरलं वस्तुमान भागिले काळाचा वर्ग. आता टांगलेल्या वस्तुमानाला या स्थिरांकाने भागा, वर्गमूळ घ्या. हातात येतो नुसता काळ. २०० ग्रॅमसाठी ०.०९ सेकंद.

(पडदा दुभागलेला. डावीकडे वजन १ सेंटीमीटर ओढून सोडलं, उजवीकडे ३. दोन्हीकडे स्टॉपवॉच.)

१० आंदोलनं. डावीकडे सुमारे ५.७ सेकंद. उजवीकडेही तेवढेच. स्थिरांकात लांबी उरलीच नव्हती, त्यामुळे वजन किती ओढलं याची दखल घेणार कोण? गुरुत्वाने फक्त झुलण्याचा मध्य खाली सरकतो.

पण एका आंदोलनाचे ०.५७ सेकंद हे ०.०९ च्या ६.२८ पट आहेत. ही ६.२८, म्हणजे पायची दुप्पट, मितीच्या हिशेबात सापडत नाही, कारण तिला मितीच नाही. तिच्यासाठी गणित करावं लागतं, नाहीतर असं घड्याळ लावून बसावं लागतं.

(तळघर. अंधार. भिंतीवर लाल ठिपका.)

या ठिपक्यावर नजर ठेवा. बारीक तारेला एक आडवी दांडी टांगली आहे. टोकांना शिशाच्या छोट्या गोळ्या, मधोमध आरसा. बाहेरून शिशाचे मोठे गोळे जवळ आणले. गोळ्या गुरुत्वाने त्यांच्याकडे ओढल्या गेल्या, आरसा वळला, ठिपका सरकला.

ही कल्पना इंग्रज शास्त्रज्ञ जॉन मिशेल यांची. उपकरणही त्यांनी बांधलं, पण ते वापरायच्या आत १७९३ मध्ये वारले. पुढे ते हेन्री कॅव्हेंडिश यांच्याकडे आलं आणि त्यांनी त्यातलं बरंचसं नव्याने करून घेतलं. दांडी ६ फुटांची. मोठे गोळे १२ इंच व्यासाचे, प्रत्येकी सुमारे १५८ किलो. छोटे जेमतेम पाऊण किलोचे. छोट्या गोळ्याला पृथ्वी जेवढं ओढते, त्याच्या साधारण पाच कोटींवा भाग ही मोठ्या गोळ्याची ओढ. खोलीत माणूस नुसता उभा राहिला, तरी त्याच्या अंगच्या उबेने हवा हलते आणि दांडी भरकटते. म्हणून कॅव्हेंडिश खोलीबाहेर थांबत. गोळे बाहेरूनच फिरवत आणि भिंतीतल्या भोकातून, दुर्बिणीतून दांडीचं टोक बघत.

(रेखाचित्र: झुलणारी दांडी.)

आता अडचण अशी, की तार पिळायला किती बल लागतं हे कळल्याशिवाय ओढ मोजता येत नाही. कॅव्हेंडिश यांनी दांडी झुलू दिली आणि घड्याळ लावलं. पहिल्या तारेवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झुलायलाच, म्हणजे अर्ध्या आंदोलनाला, सुमारे १५ मिनिटं लागत. तार फारच मऊ निघाली. जास्त ताठ तार घेतली, तेव्हा सुमारे ७. आपल्या स्प्रिंगचीच युक्ती, पण उलटीकडून: तिथे ताठपणावरून काळ काढला, इथे काळावरून ताठपणा.

१७९८ मध्ये त्यांनी छापलेल्या निबंधात गुरुत्वाचा स्थिरांक शोधायला गेलात, तर सापडणार नाही. पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट, हे त्यांचं उत्तर. नुसतं गुणोत्तर, एकक नाही. हिशेबातली एक चूक दुरुस्त केली की ते ५.४५ होतं. आजचा आकडा ५.५१.

हा स्थिरांक, आपण ज्याला जी म्हणतो, तो अशा मोजणीतून पुढे काढला गेला: ६.६७४ गुणिले १० चा उणे ११ वा घात. बहुतेक जण इथेच थांबतात. पुढचं शेपूट असं: मीटरचा घन, भागिले किलोग्रॅम, भागिले सेकंदाचा वर्ग. दोन वस्तुमानांचा गुणाकार करून त्याला अंतराच्या वर्गाने भागलं, तर किलोग्रॅमचा वर्ग भागिले मीटरचा वर्ग मिळतो. त्यात सेकंद कुठेच नाही, किलोग्रॅम एक जास्त आहे, मीटर कमी पडतात. त्याचं बल व्हावं म्हणून जे घालायचं आणि जे काढायचं, ते सगळं या शेपटात आहे.

शेपूट विसरलं तर काय होतं? १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान पाउंड आणि न्यूटन या बलाच्या दोन एककांच्या घोळात मंगळापाशी नष्ट झालं.

(पुन्हा तळघर. ठिपका.)

मोठे गोळे आता दुसऱ्या बाजूला नेले आहेत. ठिपका मागे फिरतोय.