परके हृदय आणि आपल्याच पेशींचा पहारा

[दृश्य: सकाळची वेळ. गोठा, बाजूला कुटाराचा ढीग.]

वर्धा किंवा यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या गावात हृदयप्रत्यारोपण करून परतलेल्या माणसाला डॉक्टर ज्या गोष्टी वर्ज्य सांगतात, त्यांपैकी बऱ्याच त्याच्या रोजच्या कामाच्याच असतात. गोठा झाडणे, शेणखत उकरणे, पावसाने बुरशी धरलेले कुटार उपसणे हे सारे त्याने दुसऱ्यावर सोपवायचे असते. कारण त्या धुळीतील बुरशी धडधाकट माणसाला सहसा काही करत नसली, तरी त्याच्या फुप्फुसात घर करू शकते. शरीराने परके हृदय नाकारू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमसची गोळी घेणे, पपनस न खाणे आणि रक्तातील औषधाची पातळी तपासण्यासाठी वारंवार मोठ्या शहरात जाणे हे त्याला आयुष्यभर सांभाळावे लागते. हा जाच रुग्णाच्याच पेशी वापरून कमी करता येईल का, याचा शोध आता सुरू आहे.

हृदय बदलण्याची शस्त्रक्रिया नवी नाही. ३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाउनमध्ये डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय प्रथमच दुसऱ्या माणसाला बसवले. रुग्ण अठरा दिवस जगला आणि न्यूमोनियाने गेला, कारण नवे हृदय टिकावे म्हणून दिलेल्या औषधांनी त्याची प्रतिकारशक्तीच खचली होती. आपल्याकडे १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हे धाडस केले, आणि पहिले यश दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांना १९९४ साली मिळाले.

दरम्यान औषधे पुष्कळ सुधारली. पण त्यांचा मूळ दोष तसाच राहिला. रानडुक्कर हाकलणारी जागली आपल्याच माणसाच्या अंगावर जाते म्हणून साऱ्या शेताची जागलीच बंद करावी, तसे ही औषधे करतात. त्यामुळे क्षयरोगासारख्या संसर्गांना वाट मिळते, मूत्रपिंडे झिजतात, काहींना मधुमेह, तर काहींना कर्करोगही होतो. इतके करूनही नव्या हृदयाच्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे हळूहळू अरुंद होत जाऊ शकतात. प्रत्यारोपणात हृदयाचे चेतातंतू तुटलेले असल्यामुळे पुष्कळ रुग्णांना छातीत कळही येत नाही.

[दृश्य: कॅथलॅब, म्हणजे शिरेतून नळी घालून हृदय तपासण्याची खोली. मानेच्या शिरेतून आत जाणारी बारीक नळी.]

शरीर नवे हृदय नाकारू लागले आहे का, हे कळण्यासाठी बायोप्सी करावी लागते. मानेतील शिरेतून बारीक चिमटा हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत नेऊन स्नायूचे अगदी छोटे तुकडे काढले जातात आणि त्यांत लढाऊ पांढऱ्या पेशी शिरल्या आहेत का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जाते.

या लढाऊ पेशींना आवर घालणाऱ्या पेशीही आपल्याच रक्तात असतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवून दिल्या, आणि २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मेरी ब्रुन्को व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह याच कामासाठी मिळाले. नियामक टी पेशी असे या पेशींचे नाव आहे. रक्तात त्या फार थोड्या असतात. म्हणून त्या वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि रुग्णाला परत द्यायच्या, अशी ही उपचारपद्धती आहे. काही संशोधक त्या पेशींवर दात्याच्या अवयवाची खूण ओळखणारा ग्राहक-रेणू (रिसेप्टर) बसवतात, म्हणजे बाकीच्या शरीराचा पहारा शाबूत ठेवून त्या फक्त परक्या अवयवाभोवती शांतता राखतील.

माद्रिदमधील ग्रेगोरियो मारान्योन रुग्णालयाचे काम मला यात सर्वांत मोलाचे वाटते. लहान बाळाच्या हृदयाची शस्त्रक्रिया करताना वाट मोकळी करण्यासाठी थायमस ही छातीतील, टी पेशी घडवणारी ग्रंथी बहुधा काढून टाकावी लागते, आणि ती एरवी टाकूनच दिली जाते. त्या चमूने तिच्यातूनच बाळाच्या स्वतःच्या नियामक पेशी तयार केल्या, हृदय बदलल्यावर त्या बाळाला दिल्या, आणि पहिल्या बाळाचा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. नेहमीची औषधे मात्र त्या बाळालाही चालूच ठेवावी लागली.

हृदयाच्या बाबतीत ही सावधगिरी अटळ आहे. औषध कमी करून पाहताना मूत्रपिंड बिघडले तर डायलिसिसचा आधार असतो. हृदय बिघडले तर तशी सोपी सोय नसते, आणि म्हणून अशा पेशींच्या चाचण्या आधी मूत्रपिंड व यकृताच्या रुग्णांवर झाल्या. शिवाय मेंदूमृत दाता कोण असेल हे जेमतेम काही तास आधी कळते आणि काढलेले हृदय साधारण चार तासांत बसवावे लागते, तर पेशी वाढवायला आठवडे लागतात. दिलेल्या नियामक पेशी शरीरात किती काळ टिकतील आणि दाहाच्या वातावरणात त्या स्वतःच लढाऊ होणार नाहीत ना, हेही तपासले जात आहे.

पेशी घडवण्याचे कौशल्य आता आपल्या राज्यात आहे. मुंबईच्या आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्रातील संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कर्करोगावरील पेशी-उपचाराला २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. त्यात पेशींना हल्ला शिकवला जातो, इथे आवर घालायला शिकवायचे आहे. पण रुग्णाचे रक्त घेणे, पेशी बदलणे, वाढवणे आणि गोठवून परत पाठवणे हा प्रवास बराचसा सारखाच आहे. हृदयासाठी अशा चाचण्या आपल्याकडे सुरू होतील तेव्हा औषध कमी करताना बायोप्सी आणि रक्ततपासण्या उलट वाढतील, आणि त्या नागपूर, सेवाग्राम किंवा अमरावतीत होण्याची सोय नसेल, तर ज्याला गोठ्यात परत जायचे आहे, तोच रुग्ण या चाचण्यांबाहेर राहील.