जेन ऑस्टेनने न लिहिलेले संवाद

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्रज लेखिका जेन ऑस्टेनच्या 'एमा' या कादंबरीत शेवटाकडे एक प्रसंग येतो. मिस्टर नाइटली बागेत फिरता फिरता एमाजवळ आपले मन मोकळे करतात. वाचक ज्या उत्तरासाठी इतकी पाने उलटत आलेला असतो, ते उत्तर ऐकायची वेळ येते आणि नेमकी तेव्हाच लेखिका विचारते, एमा काय म्हणाली? अर्थात, जे म्हणायला हवे होते तेच; सभ्य स्त्री नेहमी तेच म्हणते. यापलीकडे एमाचे शब्द आपल्या कानावर पडत नाहीत.

ऑस्टेनची ही सवयच आहे. माणसांची भांडणे, गैरसमज, टोमणे ती शब्दन् शब्द ऐकवते. प्रेमाचा कबुलीजबाब मात्र दोन ओळींत आटोपून दार लोटून घेते. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये डार्सी एलिझाबेथला पहिल्यांदा मागणी घालतो, तेव्हा त्याची सुरुवातीची दोन-तीन वाक्ये आपल्याला मिळतात. पुढचे सगळे लेखिका स्वतःच्या शब्दांत सांगून टाकते. दुसऱ्या वेळी एलिझाबेथचा होकारही तिच्या तोंडून येत नाही. वाचकाला याने काही उणे वाटत नाही, कारण उरलेले तो मनातल्या मनात बोलून घेतो. चित्रपटाची मात्र इथेच अडचण होते. पडद्यावर दोन माणसे समोरासमोर उभी असतात, त्यांचे चेहरे दिसत असतात, आणि लेखिकेने जे लिहिलेच नाही ते त्यांना करून दाखवावे लागते. या कादंबऱ्यांवरचे जे चित्रपट मी पुन्हा पुन्हा पाहते, ते याच एका कारणासाठी.

जो राइट यांनी २००५ साली केलेल्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये केइरा नाइटली एलिझाबेथ आहे आणि मॅथ्यू मॅकफेडियन डार्सी. मूळ कादंबरीत पहिली मागणी संध्याकाळी, घराच्या चार भिंतींत घातली जाते. इथे ती धो धो पावसात, एका देवळासारख्या वास्तूच्या आडोशाला घातली जाते. पहाटेच्या धुक्यात डार्सी कुरण तुडवत येतो, तो दुसऱ्या मागणीचा प्रसंगही अनेकांच्या मनात घर करून आहे. त्या वेळी त्याच्या तोंडी घातलेली नवी वाक्ये मला जरा सजवलेली वाटतात. मला त्या चित्रपटातला खरा कबुलीजबाब त्याच्या किती तरी आधी सापडतो. एलिझाबेथ नेदरफील्डहून घरी निघालेली असते. बग्गीत चढताना डार्सी तिला हात देतो आणि एक शब्दही न बोलता वळून चालू लागतो. कॅमेरा त्याच्या हातावर येतो. तिला स्पर्श झालेली बोटे क्षणभर ताणली जातात आणि पुन्हा सैल पडतात. कादंबरीत हा क्षण नाही. तरीही अभिमानी माणसाच्या मनात त्याच्या नकळत काय सुरू झाले आहे, हे सांगायला त्या बोटांइतके चोख वाक्य मला सुचत नाही.

'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' ही १८११ सालची कादंबरी. तिच्यावरचा १९९५ चा चित्रपट अँग ली यांनी दिग्दर्शित केला. पटकथा एमा थॉम्पसन यांची, एलिनॉरची भूमिकाही त्यांचीच, आणि त्या पटकथेला ऑस्कर मिळाले. एलिनॉर ही घरातली शहाणी, सोसणारी मुलगी. तिचे ज्याच्यावर प्रेम आहे तो एडवर्ड दुसरीला शब्द देऊन बसला आहे, हे ती महिनोन् महिने एकटीने गिळून असते. पुढे त्याचे लग्न झाल्याचीही बातमी येते. आणि एक दिवस एडवर्ड स्वतः दारात उभा राहतो, आणि कळते की त्या मुलीने लग्न केले आहे ते त्याच्या भावाशी. कादंबरीत हे सांगताना एडवर्ड इतका गोंधळलेला असतो की हातात आलेल्या कात्रीने तो तिचेच म्यान कापून तुकडे करतो. एलिनॉर जवळजवळ धावतच खोलीबाहेर जाते आणि दार लागल्यावर आनंदाने रडू लागते. म्हणजे रडण्यासाठीसुद्धा ती आडोसा शोधते.

थॉम्पसन यांनी तो आडोसा काढून घेतला. चित्रपटातली एलिनॉर खोलीतच, खुर्चीवर बसल्या जागी फुटते. तो हुंदका सुंदर नाही. दम कोंडलेल्या माणसाला एकदम हवा मिळावी तसा तो ओबडधोबड आवाज आहे, आणि तो तिला थांबवता येत नाही. इथे उलट घरचे लोकच भराभर खोलीबाहेर जातात. पुस्तकाशी हे प्रामाणिक नाही असे कोणी म्हणेल, पण मला ते पूर्णपणे प्रामाणिक वाटते. कादंबरी आपल्याला एलिनॉरच्या मनात बसवून ठेवते, म्हणून बंद दाराआडचे रडणेही आपल्यापर्यंत पोचते. पडद्यावर ती बाहेर निघून गेली असती तर आपण एडवर्डबरोबर खोलीतच अडकलो असतो. मागणीचा प्रसंग मात्र थॉम्पसन यांनी ऑस्टेनच्याच रीतीने दूर ठेवला आहे. धाकटी मार्गारेट झाडावरच्या आपल्या घरकुलातून पाहते आणि तो गुडघ्यावर बसला, अशी वार्ता खाली देते. बाकी आपण समजून घ्यायचे.

'एमा'वरच्या २०२० च्या चित्रपटाने तर मागणीच्या ऐन क्षणी एमाच्या नाकातून रक्त आणले. पहिल्यांदा मला ते खटकले होते. आता वाटते, नेहमी सगळे आपल्या मुठीत ठेवणाऱ्या मुलीचे शरीर तिचे ऐकेनासे झाले, हेच तिचे उत्तर आहे.

माझ्या मनात मात्र सर्वांत वरची जागा १९९५ च्या 'पर्स्युएशन'ची आहे. दिग्दर्शक रॉजर मिशेल; ॲनच्या भूमिकेत अमांडा रूट आणि कॅप्टन वेंटवर्थच्या भूमिकेत कीरन हाइंड्स. इथे पेच उलटा आहे, कारण या एका कादंबरीत ऑस्टेनने प्रेमाचे शब्द हातचे न राखता दिले आहेत. आठ वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या सल्ल्याने ॲनने ज्याला नकार दिला, तो कॅप्टन वेंटवर्थ त्याच खोलीत बसून, तिचे बोलणे ऐकत ऐकत तिला पत्र लिहितो: तुझ्या शब्दांनी माझा जीव चिरला जातो आहे, मी अर्धा वेदनेत आणि अर्धा आशेत आहे. हा शेवट ऑस्टेनला सहज सापडलेला नव्हता. आधी लिहिलेला शेवट तिने १८१६ च्या उन्हाळ्यात बाजूला ठेवला आणि हा प्रसंग नव्याने लिहिला. पुढच्याच वर्षी ती गेली.

एवढे पत्र हाताशी असल्यावर चित्रपटाने काय करायचे? त्याने चेहऱ्याला वाट करून दिली. अमांडा रूटच्या चेहऱ्यावर रंगरंगोटी जवळजवळ नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला ती थकलेली, भिंतीशी मिसळून गेलेली दिसते, आणि जसजशी कथा पुढे सरकते तसतसा त्याच चेहऱ्यावर रंग चढत जातो. नंतर बाथ शहरातल्या रस्त्यावर दोघे भेटतात, आणि नेमकी तेव्हाच एका सर्कशीची मिरवणूक वाजतगाजत तिथून जाते. सर्कस पुस्तकात नाही. पण पुस्तकातही ऑस्टेन त्या दोघांना एकांतात पाठवत नाही. राजकारणावर बोलत रेंगाळणारे लोक, लगबगीने निघालेल्या गृहिणी, दाया आणि मुले यांच्यामधून ती त्यांना चालायला लावते आणि सांगते की त्यांना यातले कोणीही दिसत नव्हते. चित्रपटातही ढोल वाजत राहतात, माणसे धक्के देत पुढे जातात, आणि ती दोघे आठ वर्षांनी एकमेकांकडे पाहत असतात.