क्लोरिनची बाजू बदलली आणि वेग 200 पट

स्क्रीनवर दोन रेणू आहेत. डावीकडे मेंथिल क्लोराईड, उजवीकडे निओमेंथिल क्लोराईड. अणू तेच, जोडणीही तीच, फरक फक्त एका क्लोरिनचा, एकात तो रिंगच्या एका बाजूला आणि दुसऱ्यात विरुद्ध बाजूला. पण दोघांवर सोडियम इथॉक्साईड हा बेस टाकला की निओमेंथिल साधारण 200 पट वेगानं रिॲक्ट होतं! मला ऑरगॅनिकमधलं सगळ्यात आवडणारं उदाहरण हेच.

इथं चाललीय ती ई-टू एलिमिनेशन, म्हणजे रेणूतून हायड्रोजन आणि क्लोरिन एकाच दमात काढून टाकणारी रिॲक्शन. बेस येतो, क्लोरिनच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन काढून घेतो, त्या बॉन्डचे इलेक्ट्रॉन दोन कार्बनच्या मधे जाऊन डबल बॉन्ड होतो आणि त्याच वेळी क्लोरिन बाहेर पडतो, सगळं एका दमात. ई-वन या दुसऱ्या प्रकारात तसं नाही, तिथं आधी क्लोरिन जातो, कार्बोकॅटायन (धनभारित कार्बन) बनतो, मग हायड्रोजन जातो. ई-टूमधे हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन ठेवलं तर वेग बराच घसरतो, म्हणजे तो बॉन्ड वेग ठरवणाऱ्या स्टेपमधेच तुटतो.

आता अट बघा. हायड्रोजन आणि क्लोरिन एकमेकांच्या बरोब्बर उलट दिशेला हवेत, याला अँटी म्हणतात, कारण तेव्हाच तुटणाऱ्या बॉन्डचे इलेक्ट्रॉन थेट क्लोरिनच्या बॉन्डच्या मागून आत शिरतात. सहा कार्बनची रिंग खुर्चीसारखी असते, तिच्यात हे जमायला दोघंही अ‍ॅक्सिअल, म्हणजे एक सरळ वर आणि एक सरळ खाली लागतात. निओमेंथिलमधे क्लोरिन आधीच अ‍ॅक्सिअल आहे आणि दोन्ही शेजाऱ्यांकडे अँटी हायड्रोजन आहे. मेंथिलचा क्लोरिन मात्र आडवा, इक्वेटोरिअल. त्याला अ‍ॅक्सिअल व्हायचं तर अख्खी खुर्ची उलटावी लागते, आणि मग रिंगवरचे मिथाइल आणि आयसोप्रोपिल हे कार्बनचे गट आणि क्लोरिन, तिघंही अ‍ॅक्सिअल होऊन दाटी होते, अशा अवघड अवस्थेत फार थोडे रेणू असतात, म्हणून मेंथिल हळू.

आणि तिथं पोचल्यावरही आयसोप्रोपिलच्या कार्बनवरचा हायड्रोजन अँटी नसतोच, उरतो फक्त दुसऱ्या बाजूचा. झायत्सेवचा 1875 चा नियम सांगतो की ज्याच्या डबल बॉन्डला जास्त फांद्या तो अल्कीन (डबल बॉन्डवाला रेणू) जास्त बनतो, निओमेंथिल तो पाळतं, साधारण तीन चतुर्थांश 3-मेंथीन देतं, म्हणजे आयसोप्रोपिलच्या कार्बनकडे डबल बॉन्ड असलेलं. मेंथिलकडे तो रस्ताच नाही, त्यातून फक्त 2-मेंथीन, म्हणजे दुसऱ्या बाजूला डबल बॉन्ड असलेलं निघतं.